गाडीतला पाहुणा, गावची जागा: अमेरिकेतील नगर आणि काउंटी तळांचा अनुभव आपल्या ग्रामसभेला काय सांगतो?

थोडक्यात

• अमेरिकेत चाकांवरच्या घरातून फिरणाऱ्या प्रवाशांसाठी छोटी गावे आणि काउंट्या स्वतःच्या जागेवर मुक्कामाचे तळ चालवतात. असे अनेक तळ स्वस्त आणि साधे असतात आणि प्रवाशांना आवडतात.
• महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे आणली. त्यामुळे 'कॅराव्हॅन पार्क' हा शब्द आपल्याही कानावर येऊ लागला आहे.
• असा तळ गावाच्या फायद्याचा ठरतो की डोकेदुखी, हे चार गोष्टींवर ठरते: जागा कोणाची, पैसा कुठे जातो, मैला कुठे जातो आणि ज्यांना घरच नाही त्यांना कोणता नियम लागतो.

आधी शब्द समजून घेऊ

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायची जागा, छोटा ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, संडास आणि न्हाणी असते. काही गाड्या स्वतःच्या इंजिनावर चालतात, काही दुसऱ्या गाडीच्या मागे जोडून ओढल्या जातात. अमेरिकेत या सगळ्यांना मिळून 'आरव्ही' म्हणतात. करोनाकाळात लोकांनी हॉटेल आणि विमान टाळले आणि या गाड्यांची मागणी वाढली. २०२१ या एका वर्षात तिथल्या कारखान्यांतून ६ लाखांहून अधिक आरव्ही बाहेर पडल्या. तोवरचा हा उच्चांक होता.

या गाडीला रात्री थांबायला जागा लागते आणि नुसती मोकळी जागा पुरत नाही. गाडी सपाटीवर उभी राहिली पाहिजे. विजेची जोडणी हवी, पिण्याचे पाणी भरायला नळ हवा आणि गाडीच्या टाकीत साठलेले सांडपाणी आणि मैला रिकामा करायची सोय हवी. वीज, पाणी आणि मैल्याची विल्हेवाट या तीन सोयी असल्या की तळ तयार झाला. स्नानगृह, खेळाचे मैदान, दुकान हे त्यापुढचे.

'सिटी' म्हणजे महानगर नव्हे

अमेरिकेतल्या 'सिटी पार्क'चे भाषांतर आपण चटकन 'शहरातील उद्यान' असे करतो आणि डोळ्यांपुढे मोठे शहर उभे राहते. प्रत्यक्षात आयोवासारख्या राज्यात शंभर माणसांच्या वस्तीलाही कायद्याने 'सिटी'च म्हणतात. तिचा कारभार निवडून दिलेली माणसे पाहतात. आपल्याकडे तिची तुलना ग्रामपंचायतीशी किंवा नगरपंचायतीशी करावी लागेल. 'काउंटी' हा राज्याखालचा प्रशासकीय भाग असतो. देशभरात ३,१०० हून अधिक काउंट्या आहेत. काहींचा आकार आपल्या तालुक्याएवढा, तर काहींचा जिल्ह्याहून मोठा असतो. काउंटीचे मंडळही निवडून येते.

हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. आपण ज्या तळांबद्दल बोलत आहोत, ते मोठ्या कंपनीचे नाहीत आणि दूरच्या केंद्र सरकारचेही नाहीत. ज्या सदस्यांना लोक रस्त्यात अडवून प्रश्न विचारू शकतात, त्यांच्या हातातले आहेत.

छोट्या गावाचा तळ चालतो कसा?

कॅन्सस, नेब्रास्का, साउथ डकोटा हा अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशातला शेतीचा पट्टा. महामार्गापासून थोडे आत लहान लहान गावे आहेत. अनेक गावांत हॉटेल नाही. गावाच्या उद्यानात मैदान, स्वच्छतागृह, पाण्याचा नळ आणि दिवे आधीपासून असतात. गावाने त्याच उद्यानाच्या कडेला चार-सहा गाड्यांची जागा आखली, विजेचे खांब उभे केले आणि फलक लावला. नवे बांधकाम फारसे करावे लागले नाही.

शुल्क घ्यायला तिथे बहुधा माणूस बसवलेला नसतो. फलकाखाली पाकिटे ठेवलेली असतात. प्रवाशाने पाकिटावर नाव, गाडीचा क्रमांक आणि किती रात्री थांबणार ते लिहायचे, रोख रक्कम आत घालायची आणि जमिनीत पक्क्या बसवलेल्या लोखंडी पेटीत पाकीट टाकायचे. पाकिटाचा फाडून ठेवलेला तुकडा जागेच्या खांबाला लावायचा. सकाळी गावाचा कर्मचारी येऊन पेटी उघडतो आणि खांबावरचे तुकडे ताडून पाहतो. काही गावांत पहिली रात्र फुकट असते, काही ठिकाणी मनाला येईल ते द्या, तर काही ठिकाणी दहा-पंधरा डॉलर. खाजगी आरव्ही पार्कमध्ये एका रात्रीला पन्नास डॉलर आणि त्याहून अधिक लागतात, अशी ठिकाणे भरपूर आहेत.

गाव हे कशासाठी करते? थांबलेली गाडी पंपावर इंधन भरते. गाडीतली माणसे वाण्याकडे जातात, संध्याकाळी गावातल्या खानावळीत जेवतात. शुल्कातून मोठी कमाई होत नाही, पण गावातली दुकाने उघडी ठेवायला तेवढ्या गिऱ्हाइकांचाही आधार होतो. तरुण माणसे बाहेर निघून गेलेल्या गावांना या आधाराची किंमत ठाऊक आहे.

काउंटीचे तळ: प्रवाशांच्या आवडीचे का?

काउंटीचे तळ सहसा मोठे असतात आणि त्यांची आखणीही जास्त नेटकी असते. काही उदाहरणे पाहू.

• आयोवा: राज्यात ९९ काउंट्या आहेत. १९५५ च्या कायद्याने काउंटीला स्वतःचे निसर्ग-संवर्धन मंडळ स्थापन करण्याचा अधिकार मिळाला आणि आज सर्व ९९ काउंट्यांत अशी मंडळे आहेत. तळी, नदीकाठ आणि छोटी जंगले हीच मंडळे सांभाळतात आणि तिथेच मुक्कामाचे तळही चालवतात.

• फोर्ट डी सोटो, फ्लोरिडा: पिनेलस काउंटीचे हे उद्यान पाच जोडलेल्या बेटांवर १,१३६ एकरांत पसरले आहे. अनेक गाड्यांच्या जागा थेट पाण्याच्या काठावर आहेत. मागणी इतकी की आरक्षण महिनोन्‌महिने आधी करावे लागते. इथे आरक्षण आधी काउंटीच्या रहिवाशांसाठी खुले होते, मग बाहेरच्यांसाठी.

• जलामा बीच, कॅलिफोर्निया: सांता बार्बरा काउंटीचा समुद्रकाठचा तळ. महामार्ग सोडून वळणावळणाच्या अरुंद रस्त्याने बरेच आत जावे लागते. सुमारे शंभर जागा, एक छोटे दुकान आणि त्या दुकानातला प्रसिद्ध बर्गर. समुद्रकिनारी महागड्या हॉटेलात राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांनाही इथे लाटांचा आवाज ऐकत झोपता येते.

• मॅरिकोपा काउंटी, ॲरिझोना: फिनिक्स शहराभोवतीच्या वाळवंटी डोंगरांत काउंटीची उद्याने आहेत. उत्तरेकडे बर्फ पडू लागला की निवृत्त माणसे आपली गाडी घेऊन इथल्या उन्हात येतात.

• इस्ला ब्लँका, टेक्सास: साउथ पॅद्रे बेटाच्या दक्षिण टोकाला कॅमेरॉन काउंटीचा तळ. इथेही हिवाळ्यात वयस्क प्रवासी मोठ्या संख्येने मुक्कामाला असतात.

या सगळ्यांत समान काय आहे? राष्ट्रीय उद्यानांतले तळ निसर्गाच्या दृष्टीने अधिक भव्य असतील, पण तिथे गर्दी फार, जुन्या आखणीमुळे मोठी गाडी वळवणे अवघड आणि वीज-पाण्याची जोडणी अनेकदा नसते. काउंटीचा तळ गावाजवळ असतो, दर आधी जाहीर असतो आणि नियम फलकावर लिहिलेले असतात. रात्री ठरलेल्या वेळेनंतर आवाज नाही. कुत्रा बांधलेला हवा. एका जागी किती दिवस थांबता येईल याची मर्यादा असते, पुष्कळ ठिकाणी ती १४ दिवसांची. अनेक तळांवर एक स्वयंसेवक यजमान राहतो. त्याला जागा फुकट मिळते आणि बदल्यात तो स्वच्छता पाहतो, नव्या पाहुण्याला माहिती देतो आणि भांडण वाढण्याआधीच मिटवतो.

पैसा फिरून तिथेच येतो का?

हा तळांचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. स्थानिक मंडळ तळाचे शुल्क ठरवते, जमा-खर्च उघड बैठकीत मांडते आणि दरवाढ करायची तर त्याचीही चर्चा लोकांसमोर होते. ओरेगॉन राज्यात आरव्हीच्या नोंदणी शुल्कातला एक हिस्सा काउंट्यांच्या उद्यानांसाठी दिला जातो. म्हणजे जो गाडी वापरतो, त्याच्याच पैशातून तळाची डागडुजी होते. फोर्ट डी सोटोला स्थानिकांना आधी आरक्षण देण्यामागेही हाच विचार दिसतो: कर आम्ही भरतो, तर पहिला हक्क आमचा.

पण सगळे छान छान नाही

त्याच देशात त्याच गाड्यांची एक दुसरीही गोष्ट आहे. घरभाडे परवडत नाही म्हणून अनेक माणसे आरव्हीत राहतात. हौस म्हणून फिरणारा आणि नाइलाजाने राहणारा, दोघांची गाडी बाहेरून सारखीच दिसते. पण १४ दिवसांची मर्यादा पहिल्याला जाणवतही नाही, दुसऱ्याला मात्र दर पंधरवड्याला बिऱ्हाड हलवावे लागते.

ज्यांच्याकडे गाडीही नाही त्यांचे काय? ओरेगॉन राज्यातले ग्रँट्स पास हे सुमारे ४० हजार वस्तीचे शहर. तिथल्या त्या वेळच्या नियमांनुसार सार्वजनिक जागेत अंथरूण-पांघरूण टाकून राहणे म्हणजे 'कॅम्पिंग' होते आणि त्यासाठी किमान २९५ डॉलर दंड होता. पुन्हा पुन्हा सापडल्यास तुरुंगवासापर्यंत प्रकरण जाऊ शकत होते. बेघर नागरिकांनी याविरुद्ध दाद मागितली. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. राहायला दुसरी जागा नसली, तरी असे नियम लागू करणे ही घटनेने मनाई केलेली 'क्रूर शिक्षा' ठरत नाही, असे बहुमताने म्हटले.

भाषांतर करताना इथे अडखळायला होते. इंग्रजीत दोघांच्या कृतीला शब्द एकच आहे. मराठीत आपण पर्यटकासाठी 'मुक्काम' म्हणतो आणि बेघरासाठी 'अतिक्रमण'. जमीन तीच, रात्र तीच. फरक एवढाच की एकाकडे शुल्काचे पाकीट आहे.

आपल्याकडे काय चालले आहे?

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क या दोन्हींची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याची त्यात तरतूद आहे. केरळने सप्टेंबर २०२१ मध्ये आपले धोरण जाहीर केले. तिथे पार्कसाठी किमान ५० सेंट जागा, म्हणजे आपल्या हिशेबाने अर्धा एकर किंवा २० गुंठे आणि किमान पाच गाड्यांची सोय अशी अट ठेवली गेली. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचेही कॅराव्हॅन पार्कविषयी जुने धोरण आहे.

या धोरणांचा भर खाजगी गुंतवणूकदारावर आहे. त्यात गैर काही नाही, पण ग्रामपंचायतीने स्वतः तळ चालवावा ही कल्पना अजून आपल्याकडे रुजलेली नाही. म्हणून गावाने आधीच विचार करून ठेवणे बरे.

तळ गावात आला, तर ग्रामसभेत विचारायचे पाच प्रश्न

महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्याआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. तिथे पुढील प्रश्न जरूर विचारा.

१. जागा कोणाची? खाजगी शेतजमीन असेल, तर तो मालकाचा व्यवहार आहे. पण गायरान किंवा गावाच्या सामायिक जमिनीवर डोळा असेल, तर सावध व्हा. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी सर्व राज्यांना योजना आखायला सांगितले आहे. ज्यांची शेळी-मेंढी त्या जमिनीवर चरते, त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घ्या.

२. पैसा कुठे जमा होणार? एका रात्रीचे शुल्क किती, त्यातला ग्रामपंचायतीचा वाटा किती आणि तो कोणत्या कामाला वापरणार, हे लेखी ठरवा. सहा महिन्यांनी हिशेब फलकावर लावा.

३. पाणी कुठून येणार? मार्च ते जून या काळात गावाला टँकर लागत असेल, तर पाहुण्याच्या टाकीत कोणते पाणी भरणार? उन्हाळ्यात तळ बंद ठेवणे हाही एक मार्ग आहे.

४. मैला कुठे जाणार? गाडीच्या टाकीतला मैला ओढ्यात किंवा उघड्या गटारात सोडता कामा नये. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात मैला-गाळ व्यवस्थापनाचा समावेश आहे. जवळच्या प्रक्रिया केंद्राशी तळ जोडता येईल का, ते पंचायत समितीत विचारा. हाताने मैला साफ करायला लावणे, तसेच सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. 'गावातला कोणीतरी करेल' हे उत्तर कधीही मान्य करू नका.

५. इतरांचे काय? आपल्या गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. भटक्या-विमुक्त समाजाची पाले उतरतात. मेंढपाळांचा वाडा थांबतो. पर्यटकासाठी नळ आणि दिवा लागणार असेल, तर त्याच नळावर या कुटुंबांना हंडा भरता येईल का? तळाच्या नियमावलीत याबद्दल एक ओळ असली पाहिजे. ती आधी लिहिली नाही, तर पुढे पहारेकरी आपल्या मनाने नियम करतो.

व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांसाठी योजना

• 'आई' महिला केंद्रित पर्यटन धोरण (महाराष्ट्र, २०२३): महिलांच्या मालकीच्या आणि महिलांनीच चालवलेल्या पर्यटन व्यवसायासाठी बँकेकडून घेतलेल्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. व्याजदर १२ टक्क्यांच्या मर्यादेत असावा. परतावा ७ वर्षांपर्यंत किंवा व्याजाची रक्कम ४.५० लाख रुपये होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर मिळतो. व्यवसायातील ५० टक्के कर्मचारी महिला असणे आणि हप्ते वेळेवर भरणे आवश्यक आहे. कॅराव्हॅन, तंबू, होम स्टे, कृषी पर्यटन केंद्र असे व्यवसाय यात येतात. लक्षात घ्या, कर्ज बँक देते. शासन फक्त व्याज परत करते. कर्ज मंजूर होणे ही पहिली पायरी आहे.

• प्रधानमंत्री मुद्रा योजना (संपूर्ण देश): लहान व्यवसायासाठी तारणाशिवाय कर्ज. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कमाल मर्यादा २० लाख रुपये करण्यात आली, पण ती फक्त 'तरुण' गटातील आधीचे कर्ज पूर्ण फेडलेल्यांसाठी आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात होम स्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली. घरची एक खोली आणि अंगण असलेल्या कुटुंबाने कॅराव्हॅनसाठी मोठे कर्ज काढण्यापेक्षा आधी होम स्टेचा विचार करावा. जोखीम कमी आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपापल्या राज्याच्या पर्यटन विभागाचे धोरण पाहावे. राज्यानुसार अटी बदलतात.

एक इशारा: 'तुमच्या जमिनीवर कॅराव्हॅन पार्क मंजूर झाला आहे, नोंदणीसाठी पैसे भरा' असा फोन किंवा संदेश आला, तर पैसे भरू नका. आधी जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या पर्यटन कार्यालयात जाऊन खात्री करा. मंजुरीची, भाडेकराराची किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत हवी असेल, तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करता येतो. केंद्राच्या आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार शुल्क १० रुपये आहे आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.

शेवटी

कॅन्ससच्या एखाद्या गावातली लोखंडी पेटी ही काही मोठी यंत्रणा नाही. पण दर, नियम आणि तक्रार ऐकणारा माणूस हे तिन्ही गावातच असल्याने ती चालते. आपल्याकडे तळ यायचा असेल, तर तो याच पायावर यावा. पाहुणा चार दिवस राहून जाईल. नळ, दिवा आणि स्वच्छतागृह मागे राहील. ते कोणाकोणाला वापरता येणार, हे ठरवण्याची वेळ ठराव मंजूर होण्याआधीची आहे. ग्रामसभेची सूचना लागली की तारीख लिहून ठेवा आणि जा.